मतमोजणीच्या दिवसाची फेरी

"हात टाका की खांद्यावर," श्रीरंग म्हणाला. "अगदी सहज. रोज टाकता तसा."

आनंदा अण्णा कोष्टी आणि इलाहीभाई मणेर एका बाकावर बसले होते. दोघांच्या मध्ये तिसरा माणूस आरामात बसेल एवढी जागा होती. दोघांच्या कॉलरला मी लावलेले बारके माईक होते, रेकॉर्डर माझ्या गळ्यात आणि हेडफोन कानांवर. फिलिप कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. त्याला दोन म्हातारे दिसत होते, मला त्यांचे श्वास ऐकू येत होते. अण्णांचा श्वास घरघरणारा, जन्मभर मागावर कापूस खाल्लेला. इलाहीभाईंचा अगदी हलका.

अण्णांनी उजवा हात उचलला. तो बाकाच्या पाठीपर्यंत आला आणि तिथेच अडला. माझ्या डाव्या कानातला श्वास बंद झाला. त्या कानात इलाहीभाईंचा माईक होता.

इलाहीभाई उठले. कॉलरचा माईक त्यांनी नीट काढला, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ताई, हे घ्या. आजच्यापुरतं बास झालं." मग श्रीरंगकडे वळून म्हणाले, "उद्या मतमोजणी हाय. उद्या बाजारात क्यामेरा काढू नका. आन ह्या माणसाबरोबर मी आता बाकावर बसायचा न्हाई. सांगून ठिवतो."

"अहो, पण तुम्ही दोघं मित्र..."

"बसायचा न्हाई म्हटलं न्हवं," इलाहीभाई म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. अण्णांनी तो अडलेला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला. कुणी चोरी पकडल्यावर माणूस बसतो तसे ते बसून राहिले.

आडपेठ हे मागाचं गाव. गल्लीगल्लीतून दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चाललेला. पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीनंतर विजयाच्या मिरवणुकीवर दगड पडला म्हणे. कुणाच्या बाजूने पडला त्यावर आजही दोन मतं आहेत. त्या दगडापाठोपाठ दुकानं पेटली, माग फुटले, माणसं मेली. इलाहीभाईंचा धाकटा भाऊ रज्जाक त्यात गेला. तो आत असताना गोदामाला आग लावून कुणीतरी बाहेरून कडी घातली होती.

त्यानंतर गावात अफवांचं पेव फुटलं. आज इकडे कापलं, उद्या तिकडे विटंबना झाली. कशात काही नसायचं, पण तेवढ्यावर बाजार बंद व्हायचा, काठ्या बाहेर निघायच्या. तेव्हा कोष्टी गल्लीतून आनंदा अण्णा आणि मणेर गल्लीतून इलाहीभाई असे दोघं निघायला लागले. जिथे काही घडल्याची बोंब असेल तिथे दोघांनी जोडीने जायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजारी शेजारी चालत यायचं. लोकांनी विचारलं की दोघांनी एकच वाक्य बोलायचं: "आम्ही बघून आलोय. काय झालेलं न्हाई." एवढंच. की शटरं वर जायची. याला गावात फेरी म्हणत. पोलिसांच्या गाड्यांना जे जमायचं नाही ते या दोन पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यांना जमायचं.

श्रीरंग दिघेने वर्तमानपत्रात ही बातमी वाचली आणि त्याच्या अंगात संचार झाला. तो आमचा दिग्दर्शक. माणूस हुशार, कामाला वाघ, पण एकदा डोक्यात सिनेमा शिरला की समोरचं खरं जग त्याला अडचण वाटू लागायचं. त्याच्या डोक्यात नावसुद्धा तयार होतं: 'दोन दोस्त'. आठवडाभर आम्ही त्या दोघांच्या मागे होतो आणि माझ्या कानाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. कॅमेरा बंद झाला तरी माईक चालू असतात, हे लोक विसरतात. कॅमेरा बंद झाला की माणसं खोकतात, कुरकुरतात, बायकोला शिव्या देतात. हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. चहा घेणार का, एवढंही नाही. मी श्रीरंगला हे सांगितलं होतं. तो म्हणाला, "जुन्या मैत्रीला शब्द लागत नाहीत, वृंदा." उंटावरच्या शहाण्याला खाली उतरवायचं काम माझं नव्हतं.

मतमोजणीच्या दिवशी कॅमेरा काढणार नाही, असं श्रीरंगने कबूल केलं होतं. सकाळभर तो लॉजवर येरझारा घालत राहिला. बारा वाजून गेल्यावर म्हणाला, "एकच शॉट घेऊ. शटर खाली येतानाचा. आज बाजारात जो ताण आहे ना, तो पुन्हा मिळायचा नाही. आणि शटरचा आवाज तुलाही हवाच आहे."

इलाहीभाईंचं बांगड्यांचं दुकान बरोबर चौकात. एका अंगाला कोष्टी गल्ली, दुसऱ्या अंगाला मणेर गल्ली. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका तिथेच बांगड्या भरायच्या. दुपारी इलाहीभाई जेवायला घरी जात आणि त्यांची बायको खैरूनभाभी दुकानात बसत. आम्ही गेलो तेव्हा त्या एका गरोदर पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होत्या. बाजार चालू होता, पण सगळ्यांचे कान रेडिओकडे. पोलीस सगळे तालुक्याला मोजणीच्या बंदोबस्ताला गेलेले.

"भाभी, जरा अर्धा मिनिट शटर खाली घेऊ का? लगेच वर करतो," श्रीरंग म्हणाला.

भाभींनी वर पाहिलं. "आज न्हाई, भाऊ. आज शटरला हात लावू नका. उद्या काय ते करा, मालक असताना."

"अहो, अर्धा मिनिट."

"न्हाई म्हणते ना मी."

असं म्हणून त्या पुन्हा पोरीच्या मनगटाकडे वळल्या. बांगडी चढवताना नजर हलवता येत नाही, काच फुटते. श्रीरंगने फिलिपला खूण केली, मला खूण केली. मला वाटलं, तो बाजाराचा नुसता आवाज घ्यायला सांगतोय. मी माईकची दांडी उंच धरली आणि रेकॉर्डर चालू केला. आणि त्याने उडी मारून शटरची कडी धरली आणि खाली खेचली.

हेडफोनमध्ये तो आवाज कानठळ्या बसवणारा होता. मी हेडफोन उपसून काढणार, तेवढ्यात मला रस्त्याच्या पलीकडून दुसरा आवाज आला. समोरच्या किराणा दुकानाचं शटर. मग तिसरं, मग चपलांच्या दुकानाचं, मग एकदम पाच-सहा. कुणी कुणाला काही विचारलं नाही. माल उचलायचीही कुणी वाट पाहिली नाही. शटरांचा तो खडखडाट चौकातून निघाला आणि बाजाराच्या वळणापर्यंत धावत गेला आणि वळणापलीकडेही तो चालूच होता. मग गल्ल्यांतले माग बंद पडू लागले. आठवडाभर ज्या खडखडाटाने माझं रेकॉर्डिंग खराब केलं होतं तो थांबला, तेव्हा मी हेडफोन काढून गळ्यात घातले.

भाभी शटर वर ढकलून बाहेर आल्या. रस्त्यावर एक सायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं. एक बाई पोराला बखोटीला धरून पळत होती. "मणेर गल्लीत कापलं," कुणीतरी ओरडत गेलं. दुसरा उलट दिशेने पळत सांगत होता, "कोष्टी गल्ली पेटली." दोन्ही गल्ल्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. दोन्हीकडे काहीही झालेलं नव्हतं.

"काय केलंत हो हे," भाभी श्रीरंगला म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण श्रीरंगला ते समजायच्या आत त्याचा दुसरा शॉट सुरू झाला होता.

"फिलिप, लॉजच्या गच्चीवर चल. लवकर."

मी त्याची बाही धरली. "आधी लोकांना सांग, तू ओढलंस म्हणून."

"माझं कोण ऐकणार इथे? मी कोण?" त्याने बाही सोडवून घेतली. "आणि हे पुन्हा मिळणार नाही, वृंदा." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला. फिलिपने माझ्याकडे एकदा ओशाळून बघितलं आणि तो कॅमेरा घेऊन त्याच्या मागे गेला.

भाभी त्या पोरीला म्हणाल्या, "तू आतच बस, हलू नकोस." आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमी चला माझ्यासंगं. काय झालं ते ह्यांना तुमी सांगा."

आम्ही मणेर गल्लीतून जवळजवळ पळतच निघालो. रेकॉर्डर माझ्या गळ्यात आपटत होता. तो चालूच होता, बंद करायचं भानही नव्हतं.

"इलाहीभाई आणि अण्णा आले की होईल ना सगळं शांत?" मी विचारलं. "इतके दोस्त आहेत दोघं..."

भाभी थांबल्याच. "दोस्त? कोण म्हणालं तुमाला?"

"सिनेमाचं नावच तसं आहे," मी म्हणाले.

"रज्जाकच्या गोदामाला कडी कुणी घातली म्हाईत हाय? अण्णांच्या भरतनं. अख्ख्या पेठेला म्हाईत हाय. कोर्टात अण्णा सांगून आले, पोरगं त्या राती घरात झोपलं हुतं. सुटला त्यो. वरच्या कोर्टात आमचं अपील हाय, तारखा पडत्यात." त्या पुन्हा चालू लागल्या. "दोस्त असते तर ह्यांचं कोण ऐकलं असतं? म्हणाले असते, मिळाले दोघं. ह्यांच्यात काय हाय ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर हे दोघं एकच बोलले की लोक म्हणत्यात, मग खरंच असणार."

आठवडाभर आम्ही त्या गावात शेकडो माणसांशी बोललो होतो. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी.

इलाहीभाई घरात भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यातलं ताट अर्धवट. मागांचा आवाज थांबल्यावरच त्यांना कळलं असणार. मी जे घडलं ते सांगितलं. ते ताटाकडे बघत ऐकत राहिले.

"काल सांगितलं हुतं मी," ते म्हणाले.

"हो."

"मी न्हाई येणार."

"अहो, उठा," भाभी म्हणाल्या. "पोरं गोळा व्हायला लागलीत पाण्याच्या टाकीपाशी."

"होऊ देत," ते म्हणाले. "पाच वर्सं चाललो मी त्याच्या शेजारनं. एकदा न्हाई म्हटलं न्हाई. पण मधी एक हाताचं अंतर ठिवलं, त्येनंबी ठिवलं. काल त्यो हात टाकणार हुता. त्येला वाटलं, मिटलं. कोण म्हणालं त्येला, मिटलं म्हणून? मी म्हणालो?"

बाहेर गल्लीत कुणीतरी पत्रा बडवत होतं. या माणसाला चला म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता. आम्हीच तर केलेलं सगळं.

मग दारात अंधारल्यासारखं झालं. आनंदा अण्णा उभे होते. धोतराचा सोगा हातात, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कोष्टी गल्लीतून मणेर गल्लीत, अशा वेळी, एकटे आले होते. मागे गल्लीतली चार-पाच पोरं येऊन उभी राहिलेली. त्यांच्या हातांकडे मी बघितलं नाही.

"भाभी," अण्णा म्हणाले. भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि मान फिरवली. त्या उंबऱ्याला अण्णांचे पाय पाच वर्षांत पहिल्यांदा लागत असणार.

"बाजार मिटलाय," अण्णा इलाहीभाईंना म्हणाले. "चल."

"काल तू हात टाकणार हुतास."

"टाकला न्हाई."

"टाकणार हुतास, आनंदा."

अण्णांनी मान खाली घातली. "हुतो," ते म्हणाले. "चुकलं माझं. आता चल."

इलाहीभाईंनी ताटात हात धुतला, टोपी घातली आणि ते उठले.

टाकीपाशी बाजाराचा रस्ता रुंद होतो. तिथे दोन्हीकडून पोरं जमली होती. मध्ये रिकामा रस्ता. हातांत काठ्या, सळ्या, मागाची दांडकी, कुणाकडे नुसत्या विटा. अजून कुणी पहिला दगड टाकला नव्हता. सगळे त्या पहिल्या दगडाची वाट बघत होते, इतकंच. त्या मधल्या रस्त्यावरून हे दोघं चालत निघाले. नेहमीसारखे, मध्ये एक हात अंतर. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते. उगाच आधार म्हणून मी माईकची दांडी घट्ट धरली होती.

"आम्ही बघून आलोय," अण्णा म्हणाले.

"काय झालेलं न्हाई," इलाहीभाई म्हणाले.

नेहमी एवढ्यावर भागायचं. त्या दिवशी मणेर गल्लीच्या बाजूने कुणीतरी विचारलं, "काय झालं न्हाई तर चाचा, तुमचं शटर कुणी पाडलं?"

आता इलाहीभाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मला कळलं ते. खरं सांगितलं तर आमची धडगत नव्हती. खोटं सांगितलं तर त्यांची फेरी संपली, कारण पाच वर्षांत त्या फेरीत एकही खोटा शब्द बोलला गेला नव्हता. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. सांगा, म्हणून. धैर्य वगैरे नव्हतं ते, दुसरं काही सुचलं नाही.

"सिनेमावाल्यानं पाडलं," इलाहीभाई मोठ्याने म्हणाले. "फोटो काढायला. खैरून नको म्हणत हुती, त्यानं ओढलं."

कुणी हसलं नाही. कोष्टी गल्लीच्या बाजूने एक पंचविशीचा, दाढी राखलेला माणूस पुढे आला. हातात लोखंडी सळई. "फोटो काढायला? आमी काय शेंबडी पोरं हाय व्हय? म्हातारा येळ काढतोय. तिकडं त्यांची माणसं तयार व्हायला लागल्यात. अण्णा, तुमी बाजूला व्हा."

डोळे अण्णांचेच होते, त्यावरून मला कळलं, हा भरत. इलाहीभाई त्याच्यापासून तीन हातांवर उभे होते. ते त्याच्याकडे बघत नव्हते, त्याच्या हातातल्या सळईकडेही नाही. ते सरळ रस्त्याकडे बघत होते, कुठल्यातरी लांबच्या दुकानाच्या पाटीकडे.

"भरत, इलाही खोटं बोलत न्हाई," अण्णा म्हणाले.

"तुमाला काय म्हाईत?"

"म्हाईत हाय." अण्णांचा श्वास इतका वाजत होता की हेडफोन नसतानाही मला ऐकू येत होता. "खोटं बोलणारा कसा असतो ते मला चांगलं म्हाईत हाय. कोर्टात मी सांगितलं, त्या राती तू घरात झोपला हुतास. तू घरात न्हवतास. पहाटं आलास. रॉकेलचा वास येत हुता, तुझा शर्ट तुझ्या आईनं चुलीत घातला. म्या बघितलं."

"अण्णा," भरत म्हणाला.

"ऐक. ह्यानं कोर्टात काय सांगितलं? धुरात तोंड दिसलं न्हाई, म्हणाला. ह्येचा सख्खा भाऊ आत जळत हुता. एक शब्द वाढवून सांगितला असता तर तू आज आत असतास. दिसलं न्हाई ते दिसलं न्हाई म्हणाला. तू सुटलास त्यो माझ्या खोट्यानं न्हवं, ह्येच्या खऱ्यानं सुटलास. आन त्यो आज शटरासाठी खोटं बोलतोय व्हय?"

भरतचा चेहरा पांढराफटक पडला. मागची पोरं जमिनीकडे बघू लागली. त्यांना हे आधीच ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि बापाने भर रस्त्यात बोलणं वेगळं. भरतने सळई टाकली नाही, खाली केली. मग तो वळला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याच्या मागे एक पोरगा गेला, मग दुसरा. विटा रस्त्याच्या कडेला ठेवल्या गेल्या, अगदी हळू, आवाज न करता.

दोघं म्हातारे पुढे चालू लागले. राहिलेला रस्ता त्यांनी पुरा केला, शेवटच्या दुकानापर्यंत. वळून येईपर्यंत चौकात खैरूनभाभींचं शटर वर होतं आणि ती गरोदर पोरगी उरलेल्या बांगड्या भरून घेत होती. मग किराणा दुकानाचं शटर उघडलं. मग चपलांचं. मागांचा खडखडाट सुरू झाला तेव्हा मी फूटपाथवर बसले आणि मला रडू आलं.

गावाने आम्हाला मारलं नाही. दोन्ही गल्ल्यांतली वडीलधारी माणसं लॉजवर आली आणि दिवस मावळायच्या आत निघा म्हणाली. एवढ्या गोष्टीवर मात्र दोन्ही गल्ल्यांचं चटकन एकमत झालं. श्रीरंग खाली त्यांची माफी मागत होता. मनापासून मागत होता, तेवढं त्याचं खरं. पण मी जिना चढून वर जाण्याआधी त्याने मला गाठून विचारलं होतं, "गच्चीवरून चित्र सुरेख आलंय. अण्णा त्या पोराला काहीतरी भयंकर बोलला, हो ना? ओठ हलताना दिसतायत. आवाज आहे ना तुझ्याकडे?"

"बघते," मी म्हणाले.

आवाज होता. खोलीत बसून मी ऐकला होता. शब्दन् शब्द स्वच्छ. जगात तेवढ्या एकाच कॅसेटवर तो होता.

मी वायरी गुंडाळत होते तेव्हा इलाहीभाई आले. दारातच उभे राहिले. "ताई, मघाचं तुमच्या यंत्रात आलं का?"

"आलं."

"मला ऐकवा."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, टोपीवरून हेडफोन घातले आणि कॅसेट लावली. ते ऐकत होते. 'म्या बघितलं' इथे त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "परत." मी पुन्हा लावलं. पाच वर्षं ज्या वाक्यासाठी हा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता ते वाक्य त्याच्या कानात होतं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"तुमच्या वकिलाला देऊ का ही?" मी विचारलं. "श्रीरंगचं मी बघून घेईन."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "पुसता येतं का हे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या धंद्यात असं सहसा होत नाही. "पुसायचं? इलाहीभाई, अपील आहे तुमचं."

"हाय की. चालू द्या. लढणार मी. रज्जाकला मी सोडलेलं न्हाई." त्यांनी रेकॉर्डरकडे बोट केलं. "पर हे त्यो माझं खरं करायला बोललाय. लोकांनी माझ्यावर इस्वास ठिवावा म्हणून बोलला. ते घेऊन मी त्येच्यावरच कसा उलटू? पुसा तुमी."

पुसायचं म्हणजे त्यावर पुन्हा कोरं रेकॉर्ड करायचं. जितका वेळ तो बोलला तितकाच वेळ लागतो. मी माईकची वायर काढली आणि बटण दाबलं. इलाहीभाईंनी हेडफोन पुन्हा कानांना लावले आणि पुसून होईपर्यंत ते ती शांतता ऐकत बसून राहिले. श्रीरंगला मी पुढे सांगितलं, आवाज गेला. त्याने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि त्या जागी सतार घातली. लोकांना तो भाग फार आवडला.

"झालं?" इलाहीभाईंनी विचारलं.

"झालं. आता त्यात काही नाही."

ते उठले. दारापाशी जाऊन वळले. "आनंदाला सांगू नका, पुसलं म्हणून."

"का?"

"सांगू नका. शब्द द्या मला."

मी शब्द दिला. ते जिना उतरून गेले.

मी सामान घेऊन खाली आले तेव्हा जीपच्या पलीकडे अण्णा उभे होते. इलाहीभाईंना येताना-जाताना त्यांनी पाहिलं होतं, हे उघड होतं. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेऊन जीपमध्ये ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "इलाहीनं ऐकलं?"

"ऐकलं."

"त्येच्या वकिलाकडं जाईल ना ते?"

मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला. त्यांचे खांदे खाली आले आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा श्वास संथ झाल्यासारखा वाटला.

"बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "चार खेपा त्येच्या वकिलाच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलोय मी. पोटचं पोर हाय. आज कसं काय तोंडातनं निघालं, मला ठाऊक न्हाई. दुसऱ्यांदा माझ्यानं बोलवणार न्हाई."

श्रीरंग हॉर्न वाजवत होता. मी जीपमध्ये बसले. अण्णांनी दार बाहेरून लावून घेतलं, ते नीट लागलंय का ते ओढून बघितलं आणि आम्हाला जा म्हणाले.